विषय : फेलिक्स या नावाचा अर्थ व उगम

माझ्या मुलाच्या नावाचा अर्थ कोणी विचारला तर मी तोंडानं सांगत नाही, कागद दाखवतो. कागदावर सही आहे, शिक्का आहे आणि खाली राजपत्रित अधिकाऱ्यानं प्रमाणित केल्याचं लिहिलेलं आहे. तोंडानं सांगून मी बरीच वर्षं स्वतःचं नुकसान करून घेतलं. शहाणपण आलं ते शहात्तर सालच्या पावसाळ्यात.

मुलाचं नाव फेलिक्स. फेलिक्स धोंडबा चहांदे. धोंडबा म्हणजे मी. आम्ही तेव्हा नागपूरच्या अमरावती रोडवर वाडीला, ट्रान्सपोर्टच्या गोदामांमागे भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो आणि मी शहरात एका सरकारी कचेरीत आवक-जावक कारकून होतो. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, नंबर टाकायचा आणि कागद अपुरा असेल तर आणणाऱ्याला परत पाठवायचं, हे माझं काम. परत पाठवण्यात माझं नाव होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे माझं जे झालं ते ऐकून कचेरीत येणाऱ्या बऱ्याच लोकांना बरं वाटलं होतं.

मुलगा झाला तेव्हा आमच्या वस्तीत सहा राहुल होते, चार मिलिंद होते आणि गौतम मोजायचे आम्ही सोडून दिले होते. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर सगळ्यांनाच मुलांसाठी नवी नावं हवी होती आणि सगळ्यांनी ती एकाच ठिकाणाहून घेतली. संध्याकाळी एखाद्या आईनं राहुलला जेवायला हाक मारली की सहा पोरं येत. मला नाव वेगळं हवं होतं. माझ्याकडे सीताबर्डीच्या फुटपाथवर घेतलेली एक जुनी इंग्रजी डिक्शनरी होती. तिच्या शेवटी बारीक अक्षरांत माणसांची नावं अर्थासह दिली होती. एका रविवारी मी ती सगळी वाचून काढली. बऱ्याच नावांचे अर्थ भाला, लढाई, लांडगा असे निघाले. मग फेलिक्स सापडला. लॅटिन, सुखी. ज्याचं स्वतःचं नाव धोंड्यावरून ठेवलेलं आहे त्या माणसाला हा अर्थ किती गोड लागला असेल ते वाचकांनी समजून घ्यावं.

बायको प्रेमिला म्हणाली की नाव चांगलं आहे, पण ते म्हणायचं कोणी? तिचं बरोबर होतं. माझ्या आईनं, बायजाबाईनं, बारशाच्या दिवशीच त्याचं 'फेल्या' करून टाकलं. पोरगा पुढे दरवर्षी वर्गात पहिल्या पाचांत येई आणि निकालाच्या दिवशी गल्लीतलं कोणी तरी न चुकता विचारी, पास झाला की फेल्याच राहिला? हा विनोद चार वर्षं चालला. मी पहिल्या वर्षी हसलो होतो, तेवढंच.

चौथी झाल्यावर त्याला शहरातल्या हायस्कुलात घालायचं ठरलं. त्यासाठी वाडीच्या शाळेतून शाळा सोडल्याचा दाखला आणला. घरी येऊन, हात धुऊन, चष्मा लावून वाचला. नाव बरोबर. जन्मतारीख बरोबर. धर्म : ख्रिश्चन. जात : निरंक.

मी परत वाचला. प्रेमिलाला वाचायला दिला. तिनंही तेच वाचलं.

धर्म मी आयुष्यात एकदाच बदलला होता. एकोणिसाव्या वर्षी, दसऱ्याच्या दिवशी, लाखो लोकांत उन्हात उभं राहून. त्यासाठी माझे वडील देवाजी गावाहून दोन दिवस चालत आले होते. माझ्या मुलाचा धर्म मात्र मुख्याध्यापक मधुकररावांनी पंख्याखाली बसून बदलला होता, आणि तोही चार वर्षांपूर्वी, कोणाला न विचारता.

मधुकरराव माणूस वाईट नव्हते. त्यांनी रजिस्टर काढलं, नोंद दाखवली आणि म्हणाले की नाव फेलिक्स म्हटल्यावर धर्म वेगळा विचारायची गरज वाटली नाही. शिवाय खाली पालकाची सही आहे. सही माझीच होती. वाचल्याशिवाय सही करू नये असं मी रोज दहा जणांना सांगतो. मधुकरराव म्हणाले, नोंद दुरुस्त करायला त्यांची हरकत नाही, पण रजिस्टरातली नोंद त्यांच्या हातानं बदलता येत नाही, शिक्षण खात्याच्या कचेरीतून आदेश आणावा लागेल. मी त्यांच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो, म्हणून मला भांडताही येईना.

हायस्कूलवाल्यांनी मुलाला वर्गात बसू दिलं, पण पाच ऑगस्टपर्यंत दुरुस्त दाखला आणायला सांगितला. नाही तर आहे तसाच दाखला कायम धरणार. एकदा तो तिथे चढला की पुढे मॅट्रिकला तोच, कॉलेजात तोच, नोकरीत तोच. सवलत गेली ती गेलीच, पण म्हातारपणी देवाजींना काय सांगायचं, हा माझ्यापुढचा मोठा प्रश्न होता.

आमच्या शेजारी भैय्याजी राहत. कोर्टात बेलिफ होते, निवृत्त झाले होते, आणि उरलेलं कायद्याचं ज्ञान फुकट वाटत होते. त्यांनी दाखला उजेडात धरून पाहिला, मागून पाहिला आणि तीन उपाय सांगितले. पहिला, कोर्टात प्रतिज्ञापत्र करायचं. दुसरा, नावच बदलून फुलचंद करायचं. तिसरा उपाय त्यांना स्वतःला फार आवडला होता. पोराला आधी रीतसर ख्रिश्चन करायचं आणि मग रीतसर बौद्ध करायचं.

"रेकॉर्ड कसं सलग पायजे," ते म्हणाले. "आता मधात खड्डा आहे न."

प्रेमिला आतून म्हणाली की असं कोणी केलं तर ती माहेरी, रामटेकला, निघून जाईल. तिसरा उपाय तिथे संपला. मी प्रतिज्ञापत्र केलं.

शिक्षण कचेरीत आमचा कागद ज्यांच्या टेबलावर गेला त्यांचं नाव रुपराव. आणीबाणीचे दिवस होते, त्यामुळे सगळे कारकून साडेदहाला आपापल्या जागेवर असत. पूर्वी नकार मिळवायला तीन-चार खेपा लागत, आता तो पहिल्याच दिवशी वेळेवर मिळे. रुपरावांनी प्रतिज्ञापत्र वाचलं. ते म्हणाले, तुम्ही बौद्ध आहात हे यावरून दिसतं, पण मुलगा ख्रिश्चन नाही हे कुठे दिसतं? नाव तर ख्रिश्चन आहे. मी म्हणालो की नाव लॅटिन आहे, रोमन लोकांचं आहे, येशूच्याही आधीचं आहे. त्यांनी पुरावा मागितला. मला आनंद झाला, कारण पुरावा माझ्या पिशवीतच होता.

मी डिक्शनरी काढून ते पान उघडून दिलं. रुपरावांनी फेलिक्सवर बोट ठेवलं आणि मग ते बोट हळूहळू वर नेलं. पानाच्या माथ्यावर जाड अक्षरांत मथळा होता. तो मी दहा वर्षांत कधी वाचलाच नव्हता. 'कॉमन ख्रिश्चन नेम्स.'

"छापील आहे भाऊ," रुपराव म्हणाले. "आता मी काय करू?"

इंग्रजीत माणसाच्या पहिल्या नावालाच ख्रिश्चन नेम म्हणतात, त्याचा धर्माशी संबंध नसतो, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी पुस्तक पिशवीत घातलं. त्यांनी एका चिठ्ठीवर मला काय काय आणायचं ते लिहून दिलं. एक, मुलाचा बाप्तिस्मा झालेला नसल्याचं चर्चचं प्रमाणपत्र. दोन, फेलिक्स या नावाचा अर्थ व उगम याबद्दल जाणकार व्यक्तीचं पत्र. अक्षर सुंदर होतं.

नागपुरात लॅटिन जाणणारा माणूस कुठे शोधायचा? आमच्या साहेबांना विचारलं तर ते म्हणाले की कायद्याच्या पुस्तकात थोडं थोडं असतं. भैय्याजींना कोर्टातले दोन शब्द येत होते, पण त्यांचा अर्थ येत नव्हता. शेवटी कचेरीतल्या एका टायपिस्ट बाईंनी सांगितलं की सेमिनरी हिल्सच्या टेकडीवर फादर एमिल म्हणून एक फ्रेंच पाद्री राहतात, फार म्हातारे आहेत, त्यांना येतं. मी जुलैतल्या एका रविवारी मुलाला सायकलच्या कॅरिअरवर बसवलं आणि निघालो. पोरगा चर्चचा दिसत नाही हे त्यांना समोरच दिसावं, म्हणून त्याला नेलं.

रस्ताभर मी इंग्रजी वाक्यं जुळवत होतो. पोचलो तेव्हा एक गोरापान म्हातारा पांढरा झगा गुडघ्यापर्यंत खोचून वांग्याच्या वाफ्यात किडे वेचत होता. मी सायकल लावली, हात जोडले आणि पहिलं वाक्य सुरू केलं. त्यांनी वर पाहिलं.

"चिखलात काहून उभा गा? व्हरांड्यात ये. लेकराले पाणी दे पहिले."

फादर एमिल बावीस वर्षं रामटेककडच्या धानाच्या गावांत राहिलेले होते. मराठी ते तिथेच शिकले होते आणि त्यांना दुसरी माहीत नव्हती. माझी इंग्रजी वाक्यं तशीच राहिली.

मी सगळी हकिकत सांगितली. बाप्तिस्मा नसल्याच्या प्रमाणपत्राला त्यांनी साफ नकार दिला. ज्याले दिला त्याचा कागद मी देतो, ते म्हणाले, नाही दिला त्याचा द्या लागला तर अख्ख्या नागपूरले द्या लागन. पण नावाचा अर्थ म्हटल्यावर ते खुर्चीतून उठले आणि बराच वेळ उभेच राहिले. चाळीस वर्षांत त्यांना कोणी लॅटिन विचारलं नव्हतं. लोक येत ते शाळेच्या ॲडमिशनसाठी किंवा औषधासाठी.

ते माझ्याशी बोलेनात, मुलाशीच बोलायला लागले.

"हा शब्द पहिले झाडाचा होता, बाबू. ज्या झाडाले फळ लागते ते झाड फेलिक्स. मंग ज्याचं नशीब फळलं तो माणूस फेलिक्स. मंग जो सुखात हाय तो."

"अन् ज्याले फळ नाई लागत ते झाड?" मुलानं विचारलं.

"इनफेलिक्स."

मुलानं ते दोनदा म्हणून पाहिलं. मी मधेच विचारलं की हे नाव बायबलात नाही ना. फादर म्हणाले, आहे. माझं तोंड उतरलं. पण ते म्हणाले की बायबलातला फेलिक्स ख्रिश्चन नव्हता. तो रोमचा सुभेदार होता. त्याच्यापुढे संत पौलाचा खटला चालला, तर त्यानं निकालच दिला नाही. चिरीमिरी मिळेल म्हणून वाट पाहत त्यानं पौलाला दोन वर्षं तुरुंगात ठेवलं. मी म्हणालो, हे फार उत्तम झालं, हे नक्की लिहा. ते म्हणाले, लिहितो, पण पुढे या नावाचे संतही झाले आणि दोन-तीन पोपही झाले, तेही लिहितो. मी म्हणालो, पोप नसते लिहिले तर बरं झालं असतं.

"अर्धं खरं मी लिहत नाही," फादर म्हणाले.

त्यांनी पत्र लिहायला दीड तास घेतला. लॅटिनबद्दलचं पत्र म्हणून लॅटिनमध्येच लिहिलं. मग माझा चेहरा पाहून दुसऱ्या कागदावर त्याचा मराठी तर्जुमा केला. देवनागरी अक्षर गोल आणि मोठं, पहिलीच्या मुलासारखं. सुरुवात अशी होती : 'नाव फेलिक्स. नावाची जात लॅटिन. पहिला अर्थ फळणारं झाड.' आम्ही निघालो तेव्हा त्यांनी मुलाच्या हातात चार वांगी दिली. घरी येईपर्यंत पोरगा मागे बसून चिंच दिसली की फेलिक्स म्हणत होता आणि विजेचा खांब दिसला की इनफेलिक्स.

तर्जुमा खरा आहे असं कोणा राजपत्रित अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र हवं होतं. ते आमच्या साहेबांनी दिलं. त्यांना लॅटिन येत नव्हतं, पण टपालाच्या ढिगात कागद ठेवला की ते सही करत, आणि तो ढीग रोज मीच लावत असे. या गोष्टीतला माझा एवढाच गुन्हा.

बाप्तिस्म्याच्या कागदाबद्दल फादर काय म्हणाले ते मी रुपरावांना सांगितलं आणि त्यांनी पत्र वाचायला घेतलं. फळणाऱ्या झाडापाशी त्यांनी मान हलवली. ते शेतकऱ्याच्या घरचे होते, त्यांना ते पटलं. पोप आल्यावर त्यांनी लाल पेन्सिल घेऊन शब्दाखाली रेघ ओढली. मग सुभेदार आला. निकाल दिला नाही, चिरीमिरीची वाट पाहिली, दोन वर्षं. त्यांनी ते एकदा वाचलं, परत वाचलं आणि कागद खाली ठेवला.

"हे माह्यासाठी लिहून आणलं काय?"

मी म्हणालो की ही एकोणीसशे वर्षांपूर्वीची हकिकत आहे. ते म्हणाले की अठरा वर्षांच्या नोकरीत त्यांनी कोणाच्या चहालाही हात लावला नाही, आणि आता हे ऐकायचं. त्यांचा आवाज खरंच दुखावलेला होता. ते खरं बोलत होते हे मलाही माहीत होतं, कारण मी दोनदा चहा विचारला होता आणि दोन्हीदा त्यांनी पानदानातलं स्वतःचं पान काढून मला दिलं होतं. मी माफी मागितली. कशाची मागितली ते मला कळलं नाही. त्यांनी फाईल बांधली आणि ट्रेच्या तळाशी ठेवली. तळाशी ठेवलेली फाईल किती दिवसांनी वर येते हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

त्यानंतर मी रोज जेवणाच्या सुट्टीत सायकल मारत तिथे जाई. रुपराव नमस्कार घेत, बोलत नसत. मी बाकावर बसे. त्याच दिवसांत माझ्या स्वतःच्या टेबलासमोर एक म्हातारा शेतकरी तिसऱ्यांदा परत आला. त्याच्या अर्जावर तारीख नव्हती. मी पेन काढलं आणि तारीख मीच टाकली. शेजारच्या कारकुनानं मला बरं नाही का म्हणून विचारलं.

जुलैच्या शेवटच्या शुक्रवारी भैय्याजी म्हणाले की आता थेट साहेबांपुढे जा आणि पोराला घेऊन जा, धुतलेला सदरा घालून. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. शिक्षणाधिकाऱ्यांनी आम्हाला आत घेतलं, फाईल मागवली. रुपराव ती घेऊन आले आणि टेबलाशी उभे राहिले. साहेबांनी लॅटिन कागद उलटसुलट करून पाहिला, मराठी वाचला. मग ते मला म्हणाले की एवढी यातायात कशाला करता? नाव बदलायचा साधा अर्ज द्या. फेलिक्स म्हणजे सुखी, तर सुखदेव ठेवा. अर्थ तोच राहील, धर्माचा प्रश्नच येणार नाही, मी आत्ता सही करतो. त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. माणूस चांगल्या मनानं सांगत होता.

मी दीड महिना फिरत होतो. माझ्या चपलेचा अंगठा दोनदा शिवून झाला होता. सुखदेव वाईट नाव नव्हतं. आमच्या वस्तीत तोवर एकही सुखदेव नव्हता. मी खिशातून पेन काढलं, टोपण काढलं आणि 'प्रति' असं लिहिलं.

"बाबा," मुलगा म्हणाला, "त्या पौलानं दोन वर्षं वाट पाहिली होती न. आपले तर एक्केचाळीसच दिवस झाले."

तो दिवस मोजत होता हे मला माहीत नव्हतं. मी पेनला टोपण लावलं. लिहिलेलं 'प्रति' तसंच राहिलं.

साहेब मुलाकडे नाही, रुपरावांकडे पाहत होते. त्यांनी विचारलं, एक्केचाळीस? रुपराव म्हणाले, हो जी. त्या दिवसांत महिन्याच्या वर पडून राहिलेल्या प्रकरणांची यादी दर सोमवारी वर जात असे आणि वरून काय येईल याचा भरवसा नसे. साहेबांनी आणखी काही विचारलं नाही. त्यांनी आदेशावर तिथेच सही केली : नोंदवहीत धर्म 'बौद्ध' असा दुरुस्त करावा, जात सोबतच्या कागदपत्रांवरून भरावी. बाहेर आल्यावर रुपरावांनी जावक नंबर स्वतः टाकून दिला आणि मुलाला विचारलं की ते झाडाचं खरं आहे का. मुलानं सांगितलं, खरं आहे. ते म्हणाले, आमच्या बांधावर एक आंबा आहे, बारा वर्षं झाली, इनफेलिक्स.

शनिवारी सकाळची शाळा होती. मधुकररावांनी आदेश वाचला, सोबतची कागदपत्रं एकेक करून लावून घेतली, रजिस्टर दुरुस्त केलं आणि नवा दाखला लिहून दिला. या वेळी माझी कुठलीही तक्रार राहू नये म्हणून त्यांनी प्रत्येक रकाना कागद पाहून भरला होता. मी तो घरी आणला, हात धुतले, चष्मा लावला.

धर्म : बौद्ध. जात : लॅटिन.

प्रेमिलानं वाचलं आणि ती चुलीपुढे बसून हसत राहिली. आई विचारत होती, काय झालं वं, पण तिला सांगता येईना. भैय्याजी म्हणाले की ही चूक गंभीर आहे, तिथे 'नवबौद्ध' पाहिजे, नाही तर सवलत मिळणार नाही, आजच जा. मी म्हणालो, आज अर्धा दिवस आहे, शाळा सुटली असेल. शाळा सुटायला अजून तास होता आणि मधुकरराव तर घरीही भेटले असते. हे भैय्याजींना माहीत होतं, मलाही माहीत होतं.

मी दाखला घडी करून डिक्शनरीत ठेवला. नाव काय विचारतात, मग आडनाव विचारतात, मग गाव कोणतं विचारतात, आणि मग ज्या आवाजात 'अच्छा' म्हणतात, तो मी शाळेपासून कचेरीपर्यंत ऐकत आलो आहे. ते नाव निवडलं तेव्हा मनात काय होतं हे मी प्रेमिलालाही कधी सांगितलं नव्हतं. शनिवारी दुपारी आणि रविवारी दिवसभर माझा मुलगा लॅटिन जातीचा होता. त्यानं गोट्या खेळल्या, डोकं धुऊन घेतलं, गोदामामागच्या बोरीला फेलिक्स ठरवलं.

सोमवारी मी नवा अर्ज लिहिला, तारीख टाकली आणि शाळेत गेलो.